अंगी लागत नाही

गेले दोन वीकांत इथे काही टाकलं नाही. एकदा रिलीज होती आणि एकदा गावाला गेलो होतो. गाव म्हणजे बेंबळी, जिल्हा धाराशिव (ज्यांच्या डोक्यात अजून उस्मानाबादच आहे त्यांच्यासाठी: नाव २०२३ मध्ये बदललं). नेहमीचे वाचक म्हणतील, आता हा परत हुरड्यावर लिहिणार. नाही मंडळी. आज थोडा इतिहास, थोडं गणित आणि थोडी घरातली गोष्ट. विषय जरा विचित्र वाटेल: हृदयाचं ऑपरेशन व्हायचंय अशा तान्ह्या मुलांना काय आणि कसं पाजायचं, हे माणसाला कधी कळलं?

आधी घरातलं सांगतो. दादाची, म्हणजे माझ्या चुलतभावाची, मुलगी २०२३ च्या पावसाळ्यात झाली. तीन किलोला जरा कमी, बाकी ठणठणीत. पहिला महिना छान गेला आणि मग वजन वाढायचं थांबलं. दूध प्यायला लागली की दोन मिनिटांत थांबायची, धापा टाकायची, दमून झोपायची, अर्ध्या तासाने भुकेने पुन्हा रडायची. घरात पहिला निकाल लागला तो नेहमीचाच, की आईला दूध पुरत नाही. मग दुसरा, की दूध आहे पण पातळ आहे. वहिनीला मेथीचे लाडू, अळीव, शतावरी, खारीक-खोबरं सगळं सुरू झालं. वहिनीचं वजन वाढलं, बारकीचं नाही.

आमच्याकडे याला नेमका शब्द आहे: अंगी लागत नाही. मी स्वतः लहानपणी काडीपैलवान असल्यामुळे हा शब्द पाठ आहे. पण त्याचा रोख कुणाकडे असतो हे तेव्हा कळायचं नाही. बोलतात लेकराबद्दल आणि बघतात आईकडे.

नोव्हेंबरात अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप लावला, काढला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, हिचा इको करून घ्या. इकोत दिसलं की हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक आहे. वय चार महिने, वजन ४ किलो.

दादा तिला घेऊन एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात गेला. (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.) तिथे सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, पण सहा किलोची झाली की आणा. दादाने एसटी स्टँडवरून मला फोन केला. "अरे, वजन वाढत नाही म्हणूनच तर आणली होती ना हिला?"

आयटीवाल्यांना हे लगेच कळेल. डेडलॉक. एक प्रोसेस दुसरीची वाट बघतेय आणि दुसरी पहिलीची. ऑपरेशन झाल्याशिवाय वजन वाढत नाही, वजन वाढल्याशिवाय ऑपरेशन होत नाही. फोन ठेवला आणि त्या रात्रीपासून मी वाचायला लागलो. ऑफिसच्या कामासाठी एवढं वाचलं असतं तर आज मॅनेजर असतो :)

आधी यंत्रणा समजून घेऊ. डाव्या कप्प्यातलं रक्त अंगभर जायचं, त्यातलं बरंचसं भोकातून उजवीकडे आणि तिथून परत फुप्फुसांत जातं. पहिल्या काही आठवड्यांत फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब जास्त असतो, म्हणून हे फारसं जाणवत नाही. दाब उतरला की गळती वाढते. फुप्फुसं ओलसर होतात, श्वास भरभर चालतो, हृदय दुप्पट काम करतं आणि या सगळ्याला इंधन लागतं. निरोगी तान्ह्या बाळाला दिवसाला किलोमागे १०० च्या आसपास कॅलरी पुरतात. अशा बाळाला वाढायचं असेल तर १२० ते १५० लागतात.

आता बेरीज करा. ४ किलोचं बाळ, किलोमागे १५०, म्हणजे ६०० कॅलरी. आईच्या दुधात १०० मिलीला साधारण ६७ कॅलरी असतात. म्हणजे ९०० मिली दूध पाहिजे. एवढं दूध ४ किलोचं धडधाकट बाळसुद्धा पीत नाही. शिवाय हृदयावर ताण असताना पाणी जास्त झालेलं चालत नाही, डॉक्टर बऱ्याचदा किलोमागे १२० मिलीच्या आसपास थांबवतात. ४८० मिली म्हणजे ३२० कॅलरी. पाहिजेत ६००, मिळतात ३२०, आणि तेही बाळाने सगळं संपवलं तर. अशा बाळाला दूध पिणं म्हणजे तुम्ही-आम्ही सिंहगड चढण्यासारखं आहे. अर्ध्यावरच दम लागतो.

थोडक्यात, वहिनीने कितीही लाडू खाल्ले असते तरी हे गणित सुटणार नव्हतं. पण एवढी साधी बेरीज मांडायला वैद्यकशास्त्राला बराच वेळ लागला. इतिहास सुरू होतो तो इथे.

२६ ऑगस्ट १९३८ ला बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस नावाच्या तरुण सर्जनने, आपले साहेब सुट्टीवर असताना, एका सात वर्षांच्या मुलीची हृदयाजवळची उघडी राहिलेली नळी बांधून टाकली. जन्मजात हृदयदोषावरच्या शस्त्रक्रियांची सुरुवात इथून मानतात. पुढे बाल्टिमोरच्या हेलन टॉसिग त्यांच्याकडे गेल्या. टॉसिग यांना ऐकू कमी यायचं, त्या बोटांच्या टोकांनी मुलांच्या हृदयाचे आवाज जोखायच्या. त्यांच्या लक्षात आलं होतं की काही निळ्या पडणाऱ्या मुलांमध्ये तीच नळी उघडी राहिली तर ती मुलं जास्त तगतात. मग अशी नळी मुद्दाम तयार करता येईल का? ग्रॉसना यात रस वाटला नाही. ते नळ्या बंद करण्यात गर्क होते. (प्रॉडक्ट मॅनेजर आणि डेव्हलपर यांच्यातला संवाद आठवला की नाही?)

शेवटी जॉन्स हॉपकिन्समध्ये आल्फ्रेड ब्लालॉक आणि त्यांचे प्रयोगशाळा सहायक व्हिव्हिअन थॉमस यांनी ते मनावर घेतलं. थॉमस कृष्णवर्णीय, मूळचे सुतारकाम करणारे, कॉलेजची पदवी नाही. २९ नोव्हेंबर १९४४ ला पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा ते ब्लालॉक यांच्या मागे स्टुलावर उभं राहून टाके सांगत होते. टेबलावरची मुलगी १५ महिन्यांची होती आणि तिचं वजन साडेचार किलोच्या आत. हा आकडा वाचून मी थांबलो. सव्वा वर्षाची मुलगी, आणि वजन आमच्या चार महिन्यांच्या बारकीपेक्षा थोडंसंच जास्त. ऑपरेशननंतर ती सावरली, घरी गेली, पण दुसरा वाढदिवस काही तिने बघितला नाही. या इतिहासात पहिल्या दिवसापासून हृदय आणि उपासमार एकाच टेबलावर आहेत. पुस्तकांमध्ये मात्र फोटो टाक्यांचे आहेत.

मग 'वजन वाढू द्या' हा नियम कुठून आला? सर्जन निर्दयी होते म्हणून नव्हे. हृदय उघडायचं तर रक्त तात्पुरतं बाहेरून फिरवायला पाहिजे. मार्च १९५४ मध्ये मिनियापोलिसला वॉल्टन लिलेहाय यांनी साधारण वर्षाच्या एका मुलाला त्याच्या वडिलांच्याच रक्ताभिसरणाला जोडलं आणि पडद्याचं भोक शिवलं. बाप म्हणजे यंत्र! तो मुलगा अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेला. पण या पद्धतीने ४५ ऑपरेशनं झाली आणि २८ मुलं चालती-बोलती घरी गेली. नंतर खरी हार्ट-लंग मशीन आली, ती मोठ्या माणसांच्या मापाची. ४ किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ३२०-३४० मिली रक्त असतं, आणि ती यंत्रं नुसती भरायलाच त्याच्या कितीतरी पट रक्त लागायचं. त्यामुळे मूल मोठं होईपर्यंत थांबणं शहाणपणाचंच होतं. तोवर एक जुगाड होता. १९५२ मध्ये म्युलर आणि डॅमन या डॉक्टरांनी फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी फितीने आवळून गळती कमी करायची युक्ती काढली. शुद्ध हॉटफिक्स. बग तसाच, पण सिस्टिम चालू राहते.

हा नियम मोडला १९७० च्या आसपास. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ब्रायन बॅरट-बॉइज यांनी बाळाचं अंग खूप थंड करून, रक्ताभिसरण थोडा वेळ पूर्ण थांबवून, काही महिन्यांच्या बाळांची हृदयं दुरुस्त करायला घेतली. बॉस्टनमध्ये आल्डो कास्टानेडा यांनी तोच धागा पुढे नेला. वाट बघायची नाही, लवकर दुरुस्त करा, वजन आपोआप येईल.

पण प्रत्येक बाळाला दुसऱ्या दिवशी टेबलावर घेता येत नाही. छातीत जंतुसंसर्ग असतो, नंबर लागायचा असतो, पैसे जमवायचे असतात. त्या मधल्या आठवड्यांचं काय? हे शिकवलं ते सर्जननी नव्हे, दुसऱ्याच लोकांनी. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियाला स्टॅन्ली डुड्रिक यांनी बीगल जातीची पिल्लं तोंडावाटे काहीही न देता फक्त शिरेतून पोसून मोठी केली, आणि मग जवळजवळ आतडंच नसलेल्या एका नवजात मुलीला तसंच जगवलं. कॅलरी मिलीत मोजून देता येतात हे तिथे सिद्ध झालं. १९९० मध्ये अमेरिकेतल्याच एका गटाने हृदयदोष असलेल्या, न वाढणाऱ्या बाळांचे तीन गट केले. एकाला तोंडाने, एकाला रात्रभर नळीने, एकाला चोवीस तास नळीने थेंबथेंब घट्ट दूध. नीट वाढला तो फक्त तिसरा गट. म्हणजे दूध तेच, पण पिण्याचे कष्ट वजा केले की अंगी लागतं!

आता आपल्याकडे या. मुंबईच्या केईएममध्ये प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ ला हृदय प्रत्यारोपण केलं, बर्नार्ड यांच्या जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर तीन महिन्यांच्या आत. रुग्ण काही तासच जगला, पण त्या काळात परळमध्ये केवढी हिंमत होती बघा. आणि साधारण त्याच सुमारास, १९७० मध्ये, आमच्या जिल्ह्याच्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. गावातल्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं आणि मुलांची वजनं करायला शिकवलं. वजनाचा तक्ता ही मूळ डेव्हिड मॉर्ले यांची नायजेरियातली कल्पना. १९७२ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने कुपोषणाच्या श्रेणी ठरवल्या: वयाच्या मानाने वजन ८० टक्क्यांच्या वर असेल तर ठीक, खाली पहिली ते चौथी श्रेणी. १९७५ मध्ये अंगणवाड्या आल्या. या तक्त्यांनी किती मुलं वाचवली असतील याची गणती नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाकडं बोलायची माझी हिंमत नाही.

पण तक्त्याची एक मर्यादा आहे. तो वजन दाखवतो, कारण दाखवत नाही. भुकेल्या घरातलं मूल आणि हृदयाला भोक असलेलं मूल, दोघांची रेघ सारखीच खाली येते. एरर कोड एक, बग दोन. कुपोषणवाल्यांकडे वजनकाटा होता, हृदयवाल्यांकडे इको होता, आणि दोघांची गाठ पडायला २०१३ उजाडावं लागलं. त्या वर्षी फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरमध्ये. जन्मजात दोष आणि पोषणाची कमतरता, दोन्ही एकाच पथकाच्या एकाच यादीत आले. ऑपरेशनच्या पैशांसाठी १९९७ ची जीवनदायी योजना होती, तिची २०१२ मध्ये राजीव गांधी योजना झाली, २०१७ पासून ती महात्मा फुले यांच्या नावाने आहे. नावं बदलत राहिली, रांग तीच.

कोचीच्या अमृता हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये आपला विदा छापला (डेटाला विदा म्हणायची आमची जुनी खोड). ऑपरेशनसाठी आलेल्या त्यांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त वयाच्या मानाने कमी वजनाची होती, आणि दोष दुरुस्त झाल्यावर बहुतेकांच्या वजनात चांगली सुधारणा झाली. दादाला मी हे फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग दुसरीकडं नेऊ."

दुसऱ्या हॉस्पिटलात सांगितलं, सहा किलोची वाट बघायची नाही, पण छातीत कफ आहे, तो जाईपर्यंत वजन जेवढं वाढेल तेवढं वाढवू. लघवी वाढवणारं औषध, नाकातून बारीक नळी, आईचं काढलेलं दूध आणि त्यात आहारतज्ज्ञ बाईंनी मोजून दिलेली पावडर आणि तेल, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त कॅलरी. (हे घरी मनाने करायचं नसतं, बाळाचं आतडं आणि मूत्रपिंड बिघडतं. प्लीज.) सात आठवडे. दादा वहीत लिहायचा, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचा, मी इकडे एक्सेलमध्ये भरायचो. रोज २० ग्रॅम वाढले की मला प्रमोशन मिळाल्यासारखं व्हायचं. एका आठवड्यात ताप आला आणि ९० ग्रॅम गेले. तो आठवडा आठवायला नको. ऑपरेशनचा खर्च योजनेतून झाला, पण हे सात आठवडे, पावडर, खोली, जाणं-येणं, सगळं दादाच्या सोयाबीनमधून गेलं.

जानेवारी २०२४ मध्ये ४.८ किलोवर ऑपरेशन झालं. आधी चार तास दूध बंद. ते चार तास वहिनी तिला मांडीवर न घेता बसली होती, कारण मांडीवर घेतलं की बारकी तोंड उघडायची. दुसऱ्या दिवशी नळीतून थोडं थोडं दूध सुरू केलं. पूर्वी आतडं शांत राहावं म्हणून बरेच दिवस थांबायचे, आता लवकर सुरू करतात. शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या छातीच्या नळीतून दुधासारखं पांढरं पाणी यायला लागलं होतं. ऑपरेशनमध्ये चरबी वाहून नेणाऱ्या बारीक नलिकेला धक्का लागला की असं होतं, आणि मग काही आठवडे नेहमीची चरबी बंद करून खोबरेलापासून काढलेलं खास तेल देतात, कारण ते त्या नलिकेतून न जाता थेट रक्तात जातं. मराठवाड्यात खोबरेल फक्त डोक्याला लावतात. त्या मुलाच्या आजोबांना ते पटवताना नर्सची झालेली दमछाक मी विसरणार नाही.

बारकी आता दोन वर्षांची आहे आणि मांजराच्या वाटीतलंही खाते.

आता यावेळच्या गावाकडच्या संध्याकाळबद्दल. ओट्यावर मी आज्जीला वहीच्या पानावर हृदय काढून दाखवत होतो, भोक कुठे होतं, रक्त कुठून कुठे जायचं. आज्जीने चित्राकडे फारसं बघितलं नाही. वहिनीला विचारलं, "व्हय गं, पिताना हिच्या कपाळाला घाम यायचा का?"

वहिनी म्हणाली, "हो की. टोपडं भिजायचं."

आज्जी गप्प बसली. मग म्हणाली, "थोरल्याला यायचा. पदरानं पुसायची मी."

थोरला म्हणजे माझ्या वडिलांच्या आधीचा. घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. १९७२ च्या दुष्काळातला. आज्जी खडी फोडायला जायची, लेकरू लिंबाखाली झोळीत असायचं. मिलोच्या भाकरी आणि सुकडी यावर गाव जगत होतं. लेकरू अंगी धरेना, सारखी धाप. डबा झालाय म्हणून कुणीतरी पोटावर बिब्ब्याचे डाग दिले. सहाव्या महिन्यात गेला. सासू म्हणाली, हिचं दूधच वाईट. पुढची चार लेकरं झाली तरी पहिले दोन महिने आज्जीला कुणी पाजू दिलं नाही म्हणे, शेळीचं दूध घालायचे. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. माझ्या वडिलांनीही पहिल्यांदाच ऐकलं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

आता, दूध पिताना कपाळावर येणारा घाम हे हृदयावर ताण असल्याचं पुस्तकातलं लक्षण आहे, हे खरं. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या लेकराचं निदान एका घामावरून होत नाही. तो न्यूमोनिया असेल, क्षय असेल, नुसता दुष्काळ असेल. त्या वर्षी आज्जीच्याच पोटात काही नव्हतं. एवढा अट्टहासाने वाचलेला सगळा विदा माझ्या डोक्यात होता आणि त्यातला एकही आकडा त्या ओट्यावर कामाचा नव्हता.

आज्जी म्हणाली, "मंग दुधात खोट नसंल की रं."

मी म्हणलं, "नसंल, आज्जी."

तिने चित्राचा कागद घडी करून कमरेच्या पिशवीत घातला. तोपर्यंत बारकीने वरणभाताची वाटी उपडी केली होती.